आठव्या पाऱ्याची रात्र

या सदराकडे आलेलं हे पत्र सात पानी आहे. त्यातला गाभा तेवढा इथे देते, कंसातले अर्थ माझे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

"माझं वय २९. बाराव्या वर्षी हिफ्ज (कुराण तोंडपाठ करणं) पुरं झालं, तेव्हापासून घरात सगळे मला हाफिजसाब म्हणतात, धाकटी बहीणसुद्धा. मला पुरुष आवडतात. हे कळून पंधरा वर्षं झाली. दोन मित्र सोडले तर कुणालाच माहीत नाही. ते दोघंही गे आहेत. त्यांच्यापासून मी रोजा लपवतो, पोट बिघडलंय म्हणतो. कारण एकदा खरं सांगितलं तर म्हणाले, ज्या धर्माला तू नकोस तो तुला कशाला हवाय? मशिदीत जाणं वर्षभरापूर्वी बंद केलं. तिथे मला मुनाफिक (श्रद्धेचं ढोंग करणारा) असल्यासारखं वाटतं. रात्री दार लावून पढतो. कधी नुसताच मुसल्ल्यावर (नमाजच्या आसनावर) बसतो आणि उठतो, दुआ मागवत नाही. अम्मीने स्थळं बघायला घेतली आहेत. निकाह म्हणजे निम्मा दीन (धर्म), म्हणते. एक मुलगी खरंच चांगली आहे. वाटतं, लग्न झालं की कदाचित हे सुटेल. रमजान दीड महिन्यावर आलाय. घरातली तरावीह (रमजानच्या रात्रीची खास नमाज) दरवर्षी मीच पढवतो. सूरा (कुराणातला अध्याय) आराफमध्ये लूत अलैहिस्सलाम (पुरुषांकडे वासनेने जाण्याबद्दल ज्यांच्या लोकांवर कोप झाला असं सांगतात, ते नबी) यांचा किस्सा आला की घसा सुकतो. मागच्या वर्षी दोनदा अडकलो, मागून अब्बांनी लुकमा दिला (अडलेले शब्द सुचवले). यंदा पढवू की नको? माझ्यामागे उभे राहतात त्यांची नमाज तरी होते का? कधी कधी वाटतं, झोपलो की उठूच नये."

प्रिय हाफिजसाब,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. 'उठूच नये' हे तुम्ही इतकं सहज, सातव्या पानाच्या तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं लिहिलंय. असं वाटणं महिन्यातून एखाद्या रात्री येऊन जात असेल तरी ते त्या दोन मित्रांपैकी एकाला शब्दांत सांगा, आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. रोज येत असेल, किंवा 'कसं' याचा विचार डोक्यात येऊ लागला असेल, तर हे सदर पुढे वाचू नका. उठा, कुणाच्या तरी सोबतीला जाऊन बसा आणि त्यांना घेऊन जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. बाकीचे सगळे प्रश्न उद्यापर्यंत थांबू शकतात. ते चौदाशे वर्षं थांबलेत.

तज्ज्ञ निवडताना एकच पारख ठेवा. 'हे बरं करून देतो' म्हणणाऱ्याच्या खोलीतून बाहेर पडा, तो डॉक्टर असो नाहीतर झाडफूक करणारा आमिल. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. जो आजार नाही त्यावर औषध देणारा तुमच्या भीतीवर पोट भरतो, एवढंच.

आता 'मुनाफिक'. हा शब्द तुम्ही पत्रात नऊ वेळा लिहिलाय, मी मोजला. मी मुसलमान आहे पण आलिमा, म्हणजे धर्मपंडित, नाही, तेव्हा हाफिजाला कुराण सांगायला निघाले म्हणून हसू नका. सूरा निसाची १४२वी आयत (वचन) मनात म्हणून बघा. मुनाफिक नमाजला कसे उभे राहतात? आळसावून, लोकांना दिसावं म्हणून. आणि तुम्ही? दार लावून, कुणालाही दिसू नये म्हणून. मुनाफिक ईमान (श्रद्धा) दाखवतो आणि आत कुफ्र (अश्रद्धा) लपवतो. तुम्ही मित्रांपासून चक्क रोजा लपवताय! इतका उलटा मुनाफिक माझ्या पाहण्यात नाही. तुमच्याकडे गुपित आहे, हे खरं. पण गुपित असणं आणि निफाक, म्हणजे मुनाफिकपणा, असणं यांत फरक आहे, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त स्वतःला लावून बघायची हिंमत झालेली नाही.

मग लूत अलैहिस्सलाम.

आधी कडू ते सांगते. चारही सुन्नी मजहब (धर्मकायद्याच्या परंपरा) आणि शिया फिकह (धर्मकायदा), सगळ्यांच्या मते पुरुषापुरुषांतला शरीरसंबंध हराम आहे. आजही बहुतेक आलिम हेच सांगतील. कुणी तुम्हाला 'इस्लाममध्ये याची काही अडचणच नाही' असं सांगत असेल, तर तो तुमची समजूत काढतोय, आणि अशी समजूत पहिल्याच वादात कोसळते. पण त्याच फिकहमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानात सहसा ऐकू येत नाहीत. एक, हुकूम कृत्याला आहे, ओढीला नाही. जे मनात आपोआप येतं ते बोलण्यात किंवा करण्यात उतरत नाही तोवर उम्मतीला, म्हणजे मुसलमानांना, माफ आहे, असं बुखारींच्या हदीसच्या (पैगंबरांच्या वचनांच्या) संग्रहात येतं. म्हणजे गेली पंधरा वर्षं तुम्ही नुसत्या असण्याबद्दल स्वतःला जी शिक्षा देताय, ती सर्वांत कडक मजहबानेही दिलेली नाही. दुसरी गोष्ट, शिक्षेवर एकमत कधीच नव्हतं. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांनी या कृत्याला जिनाच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, ठरलेल्या शिक्षेत धरलं नाही, ते काजीच्या विवेकावर सोडलं. दुसऱ्या इमामांनी धरलं. कुराणात शिक्षा ठरवून दिलेली असती तर एवढ्या मोठ्या माणसांत हा वाद झालाच नसता.

अलीकडे काही अभ्यासक याही पुढे गेले. अमेरिकेतले मुस्लिम अभ्यासक स्कॉट सिराज अल-हक कुगल यांनी २०१० मध्ये या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लूतच्या कौमेचा (लोकांचा) गुन्हा बळजबरीचा होता, पाहुण्यांवर हात टाकण्याचा होता, नबीला धुडकावण्याचा होता; दोन माणसांच्या राजीखुशीच्या प्रेमाबद्दल तिथे बोलणंच चाललेलं नाही. त्यांचे टीकाकार आराफच्या ८१व्या आयतीवर बोट ठेवतात: 'स्त्रियांना सोडून पुरुषांकडे वासनेने जाता', हे तिथे सरळ लिहिलंय, त्याचं काय? मला ही टीका पोकळ वाटत नाही. कुगल यांचं वाचनही पोकळ वाटत नाही. दोन्ही वाचा, अरबी तुमच्याकडे आहे, भाषांतरावर अवलंबून राहायची वेळ तुमच्यावर नाही.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. आराफमध्ये लूतची गोष्ट ८४व्या आयतीला संपते आणि ८५व्या आयतीपासून शुऐब अलैहिस्सलाम सुरू होतात. त्यांच्या कौमेचा गुन्हा काय? माप कमी भरणं, वजनात काटा मारणं. तीही कौम भूकंपाने गेली. लूतच्या कौमेवरून आपण शिवी तयार केली, ती शाळेच्या पोरांनाही येते. मापात पाप करणाऱ्यासाठी शुऐबच्या कौमेवरून एखादा शब्द तुम्ही ऐकलाय? मी नाही ऐकला. तसले लोक सहसा नमाजच्या पहिल्या सफेत (रांगेत) असतात आणि चंदा चांगला देतात.

आणि सूरा हूदमधला तो प्रसंग आठवा. दारात जमाव, आत पाहुणे, आणि लूत त्या गर्दीला विचारताहेत, तुमच्यात एकही सरळ माणूस नाही का? इतकी वर्षं ही आयत आली की तुम्ही स्वतःला त्या जमावात उभं करता. मी तुमची सात पानं वाचली. मला तुम्ही दाराबाहेर कुठेच दिसला नाहीत. तुम्ही आत आहात, दार लावून, घाबरलेले.

अबू दाऊदच्या संग्रहात एक हदीस आहे, तुम्ही वाचलीही असेल. हातापायाला मेंदी लावलेल्या एका माणसाला पैगंबरांसमोर (स.) आणलं गेलं. तो बायकांसारखा वागतो अशी तक्रार होती. अरबीत त्याला 'मुखन्नस' म्हणायचे. आजच्या 'गे' या शब्दाशी त्याची सांगड घालणं बरोबर नाही, तो वेगळा प्रकार. त्याला मदीनेबाहेर नकी या ठिकाणी पाठवून देण्यात आलं. ही हदीस गोड नाही, हद्दपारीच आहे ती. पण मग लोकांनी विचारलं, याला मारून टाकू का? उत्तर आलं, नमाज पढणाऱ्यांना मारायला मला मनाई आहे. मी या हदीसवर बराच वेळ अडून राहिले होते. तक्रार करणाऱ्यांना त्याच्या हाताची मेंदी दिसली. उत्तरात मेंदीचं नावही नाही; तो माणूस 'नमाज पढणारा' आहे, बस. तुमच्या प्रकरणात हे लोकांनी विसरणं मी समजू शकते. तुम्ही स्वतः विसरावं?

माझं म्हणणं इतकंच आहे की तुम्ही खटला आणि इबादत (उपासना) एकमेकांना बांधून ठेवलीय. आधी निकाल लागू दे, मी कोण ते ठरू दे, मग दुआ मागेन. हा निकाल तुमच्या हयातीत लागायचा नाही. कदाचित कधीच नाही. तोवर मुसल्ला गुंडाळून ठेवायचा? गळ्याच्या शिरेपेक्षा जवळ असलेल्या अल्लाहशी बोलायला कुणाची परवानगी लागते, ते मला सूरा काफमध्ये तरी सापडलं नाही.

तुमच्या त्या दोन मित्रांबद्दलही थोडं. तुम्ही त्यांच्यावर रागावला नाहीत, मी मात्र थोडी रागावले. मौलाना म्हणतात 'दोन्हींतलं एक निवड', आणि हेही म्हणतात 'दोन्हींतलं एक निवड'. शब्दसुद्धा बदलायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. त्यांना धर्माने चटके दिले असतील. त्यामुळे धर्म सोडणं ही त्यांची सुटका असेल, आणि त्या सुटकेबद्दल मला आदर आहे. तुमची सुटका तीच असली पाहिजे असा नियम नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये 'इमान' नावाचा गे मुसलमानांचा गट आहे, तिथे माणसं एकत्र इफ्तार करतात आणि रोजा लपवावा लागत नाही. पॅरिसमध्ये लुडोविक-मोहम्मद झाहेद या अल्जीरियात जन्मलेल्या फ्रेंच माणसाने २०१२ मध्ये सगळ्यांना खुली असलेली नमाजची जागा सुरू केली. म्हणजे 'गे आणि नमाजी' असे तुम्ही जगात पहिले नाही, पंचवीस हजारावेही नसाल. पुढच्या रोज्याला पोट बिघडवू नका. सांगा, रोजा आहे.

'हे पश्चिमेकडून आलेलं खूळ' असं तुमच्या अब्बांचं मत आहे. त्यावर वाद घालत बसू नका, पण तुमच्या स्वतःच्या माहितीसाठी: अब्बासी बगदादच्या सर्वांत गाजलेल्या कवींपैकी एक, अबू नुवास, पुरुषांवरच्या प्रेमाच्या कविता लिहायचा, आणि त्या बाराशे वर्षं टिकल्या. गझनीचा सुलतान महमूद आणि त्याचा गुलाम अयाज यांच्या प्रेमाचे दाखले फारसीच्या सूफी कवींनी दिले. ऑटोमन तुर्कांच्या १८५८च्या दंडसंहितेत राजीखुशीच्या समलिंगी संबंधांना शिक्षा नव्हती. दोनच वर्षांनी इंग्रजांनी हिंदुस्थानात ३७७ कलम लिहिलं. यातून काही हलाल ठरत नाही, हेही लगेच सांगते. कवीने लिहिलं म्हणून शरियत बदलत नाही. इतकंच ठरतं की तुमच्यासारखी माणसं या संस्कृतीत नेहमीच होती, आणि कायद्याने त्यांच्यामागे लागणं हे पुष्कळ ठिकाणी बाहेरून आलं.

आता ती मुलगी. मघापासून धर्मग्रंथांवर मी 'हे पण खरं, ते पण खरं' करतेय. इथे करणार नाही. हे लग्न करू नका.

माझ्याकडे एक बाई यायच्या. लग्नाला अकरा वर्षं झालेली. नवऱ्याबद्दल एकही तक्रार नव्हती. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, पगार हातात आणून द्यायचा. त्या म्हणाल्या, "ते इशाची (रात्रीची) नमाज फार लांबवायचे. मला झोप लागली की मगच मुसल्ल्यावरून उठायचे. मला वाटायचं, किती नेक माणूस. आणि मग वाटायचं, माझ्या अंगाला वास येत असेल." अकरा वर्षं ती बाई दिवसातून दोनदा आंघोळ करत होती. खरं कळलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे वास नव्हता येत."

तुमचं हे लग्नाने सुटणार नाही. लग्न करून सुटलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही, लग्नात आणखी एक माणूस अडकवलेले पुष्कळ पाहिले. बरं, हा माझा उपदेश म्हणून सोडून द्या, फिकह बघा. फुकहांनी, म्हणजे फिकहच्या जाणकारांनी, निकाह सगळ्यांवर एकसारखा लादलेला नाही. कुणावर तो वाजिब (बंधनकारक), कुणासाठी सुन्नत (करावा असा), आणि आपल्याकडून बायकोचा हक्क मारला जाईल अशी ज्याला भीती आहे त्याच्यासाठी मकरूह (टाळावा असा). खात्री असेल तर हराम. तुम्हाला भीती आहे की खात्री, ते तुम्हीच ठरवा. सूरा रूममध्ये जोडीदाराबद्दल जो पहिला शब्द येतो तो 'सुकून' या अर्थाचा आहे. त्या मुलीला तुमच्याजवळ सुकून मिळेल का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. आणि तिच्याशी निकाह करताना तिची मंजुरी कशाला असेल? जे तिला माहीतच नाही त्याला ती 'कबूल' कशी म्हणणार?

अम्मीला काय सांगायचं? निम्मा दीन हा त्यांचा मुद्दा आहे ना, मग त्याच अंगणात उत्तर द्या. इमाम नववींनी लग्न केलं नव्हतं. इमाम तबरींनी नाही, इब्न तैमियांनीही नाही. (त्यांच्याबद्दल भलतंसलतं सुचवत नाहीये, अविवाहित आलिम होते एवढंच.) त्यांचा निम्मा दीन बुडाला असं कुणी म्हणत नाही. 'अम्मी, मी कुणाच्या लेकीचा हक्क पुरा करू शकणार नाही, आणि तो गुनाह मला घ्यायचा नाही', हे वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि यात तुमचं गुपितही फुटत नाही. ती रडेल. जेवण सोडेल दोन दिवस. काही महिने घरातली हवा जड राहील. तरीही त्या मुलीच्या अकरा वर्षांपेक्षा हे स्वस्त आहे.

अम्मी-अब्बांना पूर्ण सांगायचं का, हेही तुम्ही विचारलंय, 'न सांगणं म्हणजे रोजचं खोटं बोलणं' असं लिहून. इथे मला तुमच्या मित्रांच्या जगातला एक समज खोडावासा वाटतो. सगळ्यांना सांगून टाकलं तरच माणूस खरा, असं नाही. आपल्याकडे पर्दापोशी आहे. स्वतःचं झाकलेलं चव्हाट्यावर मांडण्याची सक्ती दीनने केलेली नाही, उलट ते झाकलेलं राहू द्या असंच सांगितलंय. ज्याला सांगायचं त्याला, जेव्हा जमेल तेव्हा. न सांगणं हा तुमचा हक्क आहे. न सांगता कुणाशी लग्न करणं हा नाही. रेघ तिथे आहे.

सांगायचंच ठरलं तर आधी हे बघा: पगार तुमच्या स्वतःच्या खात्यात जमा होतो का, कागदपत्रं तुमच्या ताब्यात आहेत का, एक रात्र कुठे काढता येईल का. एका बापाला मी वीस मिनिटं नुसती तस्बीह (जपमाळ) फिरवताना पाहिलंय. मुलाने नुकतंच सांगितलं होतं. मग त्याने विचारलं, कधीपासून? मुलगा म्हणाला, तेरा वर्षांचा होतो. बाप म्हणाला, "मग इतकी वर्षं कुणाशी बोलत होतास?" आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका मुलाला भावांनी सोळा दिवस खोलीत कोंडून ठेवलं होतं, हेही मला माहीत आहे. तुमचे अब्बा यांतले कोणते, याचा अंदाज मला सात पानांतून येत नाही. तुम्हाला येईल. धाकट्या बहिणीबद्दल तुम्ही ज्या मायेने लिहिलंय त्यावरून वाटतं, पहिलं माणूस कदाचित ती असेल. घाई नाही.

राहता देश कोणता हेही पाहावं लागतं. इराण आणि सौदी अरेबियात कायद्याने देहदंडापर्यंत शिक्षा आहे. तुर्कस्तान, अल्बानिया, जॉर्डन या मुस्लिमबहुल देशांत असा संबंध हा गुन्हा नाही. पण कायदा नसला म्हणजे धोका नसतो असं नव्हे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेचा २०२३चा अहवाल आहे: इजिप्त, इराक, जॉर्डन, लेबनॉन आणि ट्युनिशिया इथे पोलिसांनी किंवा खंडणीखोरांनी ओळखी जुळवण्याच्या अॅपवरून माणसांना कसं जाळ्यात ओढलं, मोबाइलमधल्या फोटोंचा पुरावा कसा केला, याचा. अॅपवर चेहरा टाकू नका. पहिली भेट लोकांच्या वर्दळीत. मोबाइलमध्ये जे राहायला नको ते राहू देऊ नका.

एका माणसाबद्दल सांगायचं की नाही यावर मी दोन दिवस घोटाळत होते. मुहसिन हेंड्रिक्स, केपटाउनचे. कराचीत दीनी शिक्षण घेतलं, परत येऊन शिकवायला लागले, लग्न केलं, मुलं झाली. लग्न मोडलं, आणि १९९६ मध्ये त्यांनी उघड सांगितलं की मी गे आहे. वय होतं २९. पुढे त्यांनी अशी मशीद चालवली जिथे तुमच्यासारखी माणसं सफेत उभी राहत. त्यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की दोन्ही एका अंगात मावतं. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या खेबेरा शहराजवळ ते गाडीत असताना त्यांना गोळ्या घालून मारलं. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. मावतं की नाही याचा शोध लावायला तुम्हाला आता शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, ते काम कुणीतरी जिवावर उदार होऊन केलंय. आणि जपून राहा हे मी का म्हणते, तेही यातून कळेल.

पुढे कसं जगायचं? मला माहीत असलेले गे मुसलमान एकसारखं जगत नाहीत. एक जण पारंपरिक हुकूम मान्य करून एकटा राहतो. त्याने स्वतःचा द्वेष करणं मात्र सोडलंय, आणि तेवढ्याने त्याचा चेहरा बदललाय. एक जोडपं बारा वर्षं एकत्र आहे, फजरला (पहाटेच्या नमाजला) एकमेकांना उठवतं, आणि फतव्यांचे वाद वाचणं त्यांनी बंद केलंय. 'याचा हिशेब तो घेईल, तुम्ही नाही', एवढं म्हणतात. एक जण कुगल यांच्या वाटेने गेलाय, त्याला पटलंय. आणि एक दीन सोडून गेला, आता ठीक आहे, ईदला फोन करतो. यांतला कुठला रस्ता तुमचा, हे मी सांगितलं तर ते तिसरं 'दोन्हींतलं एक निवड' होईल. फक्त यांपैकी कुणीही २९व्या वर्षी, रात्री दोन वाजता, गुनाहच्या ओझ्याखाली बसून ते ठरवलं नाही. ठरत गेलं.

आणि तरावीह.

तुमचा खरा प्रश्न हाच होता, बाकीची पानं प्रस्तावना होती, असं मला वाटलं. माझ्यामागे त्यांची नमाज होते का? हाफिजसाब, उमय्या खलिफांचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ तुम्हाला माहीत आहे. त्याच्या तलवारीखाली किती माणसं गेली याची गणती नाही. त्या हज्जाजच्या मागे अब्दुल्लाह इब्न उमर यांनी नमाज पढली. खुद्द सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, आणि दुसरे खलिफा उमर फारूक यांचा मुलगा. त्यावरूनच तर फुकहांनी म्हटलं की इमाम गुनहगार असला तरी मागच्यांची नमाज होते. आता समजा, तुमच्याबद्दलचं सगळ्यात वाईट तेच खरं धरलं, तरी तुम्ही हज्जाजहून वाईट? अम्मी, बहीण, अब्बा यांची नमाज होते. इतकी वर्षं होत आलीय.

पढवा. रोज एक पारा (कुराणाच्या तीस भागांपैकी एक) धरला तर लूतची गोष्ट आठव्या पाऱ्याच्या अगदी शेवटी येते, म्हणजे आठव्या रात्री, पाय दमलेले असताना. त्या दिवशी दुपारी ती पानं एकदा मोठ्याने म्हणून ठेवा, ८०व्या आयतीपासून पुढे शुऐबपर्यंत, न थांबता. पाण्याचा तांब्या जवळ असू द्या. आणि तरी अडकलात, तर मागे अब्बा आहेतच.